शनिवारच्या मीटिंगची आठवण : पावसाचं पाणी

मंडळी, शनिवारी सकाळी 10 ला मीटिंग आहे, विसरू नका. यावेळी विषय एकच, शहरात पडलेलं पाणी जातं कुठे. मागच्या वेळी बरेच जण म्हणाले नाले साफ केले की झालं, पण मला ते पटत नाही, कारण उघडी मातीच ठेवली नाही तर पाणी मुरणार कुठे, सगळं एकदम गटारात येतं आणि गटार तुंबतं. झाडाच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले बघा एकदा, वीतभरही माती सोडलेली नसते, जीव तुटतो बघून.

दक्षिण कोरियातल्या सोल शहराचं उदाहरण प्लीज वाचून या. तिथे चाँगग्येचॉन नावाचा ओढा झाकून वर फ्लायओव्हर बांधला होता, 2003 मध्ये तो पाडायला घेतला आणि 2005 मध्ये साधारण 5.8 किमी ओढा परत उघडा केला, मधल्या काळात बससेवाही सुधारली. पण त्यात पाणी पंपाने सोडावं लागतं, यावरही बोलूच.

येताना पाणी साचणाऱ्या एका तरी जागेचा फोटो आणा आणि उतार कुठल्या बाजूला आहे तेही बघून या. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.