सुगंधाचे पातेले रात्रभर ठेवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाताळ आणि नववर्षाच्या निमित्ताने घर सुगंधित करण्याची एक कृती आली आहे. संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, लवंगा आणि क्रॅनबेरी पाण्यात घालून ते पाणी मंद आचेवर ठेवण्याची ही रीत मी न्यू जर्सीतल्या माझ्या घरी गेली २२ वर्षे, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणापासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाळत आले आहे. त्यामुळे मायदेशातल्या वृत्तपत्रात ती वाचताना बरे वाटले. मात्र या लेखात काही गोष्टी अर्धवट आहेत, काही चुकीच्या आहेत, आणि 'झोपण्यापूर्वी पातेले बारीक आचेवर ठेवून द्यावे, म्हणजे सकाळी घर दरवळलेले असते' हे वाक्य सरळसरळ धोक्याचे आहे. म्हणून हे पत्र.

आधी नावाविषयी. लेखात सर्वत्र 'पॉटपुरी' छापले आहे आणि ते वाचून माझ्या पुण्याच्या मावसबहिणीने ही कोणत्या पिठाची पुरी, असे विचारले. फ्रेंच उच्चार 'पो-पुरी'च्या जवळचा आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ 'सडके भांडे' असा होतो, हे ऐकून ती आणखीच चकित झाली. गुलाबाच्या पाकळ्या मिठात थर लावून बरणीत मुरवत ठेवण्याची जुनी फ्रेंच पद्धत होती, तिचे हे नाव. पाण्यात मसाले घालून चुलीवर ठेवण्याचा अमेरिकी प्रकार हा त्याचा दूरचा नातलग म्हणावा लागेल. येथे बहुतेक जण त्याला नुसते 'सिमर पॉट' म्हणतात.

ही रीत कोणत्या घरात जन्मली ते लक्षात घेतले, तर तिचा उपयोग आणि मर्यादा दोन्ही कळतात. डिसेंबरात येथे खिडक्या महिनोन्महिने बंद असतात आणि हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात आणि लोकरी कपड्याला हात लावताच ठिणगी उडते. अशा घरात चुलीवर तास-दोन तास वाफ निघत राहिली तर ती हवीशीच वाटते. दुसरे असे की याच दिवसांत स्वयंपाकघरात साली आणि देठांचा ढीग साचतो. सफरचंदाच्या 'पाय' (pie) या गोड पदार्थासाठी सोललेली साले, कॅलिफोर्नियातून नोव्हेंबरपासून येऊ लागणाऱ्या नेव्हल संत्र्यांची साले, टर्की पक्ष्याच्या मांसासाठी आणलेल्या रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या उरलेल्या काड्या, सॉस करून पिशवीच्या तळाशी राहिलेल्या मूठभर क्रॅनबेरी. माझ्या शेजारच्या आजींनी मला पहिल्यांदा हे पातेले दाखवले तेव्हा त्यात विकत आणलेली वस्तू म्हणजे दालचिनी आणि लवंग एवढीच होती. आपल्या लेखातली यादी बाजारात जाऊन पुरी करायची म्हटली तर चांगलाच खर्च होईल, आणि त्यातली सर्वांत महाग वस्तू वासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. क्रॅनबेरीला स्वतःचा असा वास फारसा नसतो. ती पाण्याला लाल रंग देते आणि वर तरंगत छान दिसते, इतकेच. न्यू जर्सीच्या दक्षिणेकडील पाइन बॅरन्समध्ये तिची शेती होते आणि शरद ऋतूत वाफ्यांत पाणी सोडून तरंगलेली फळे गोळा करतात, म्हणून ती आमच्याकडे सहज मिळते. महाराष्ट्रात ती परदेशी दुकानातून आणून उकळण्यात काहीच अर्थ नाही.

आता कृती. लेखात 'सर्व साहित्य एकत्र करून उकळावे' असे एका वाक्यात आटोपले आहे, आणि खरी गोम तेथेच आहे. दालचिनी आणि लवंग आपला वास सावकाश सोडतात आणि पुष्कळ वेळ सोडत राहतात. संत्र्याच्या सालीतले तेल चटकन निघते आणि अर्ध्या-पाऊण तासात संपते. सगळे एकदम घातले, तर पहिला अर्धा तास नुसता संत्र्याचा वास येतो आणि पाहुणे येईपर्यंत नुसत्या लवंगेचा उरतो. म्हणून दीड लिटर पाण्यात आधी दोन बोटांएवढे दालचिनीचे दोन तुकडे हाताने मोडून घालावेत आणि पाच-सहा लवंगा टाकाव्यात. लवंगा दहा-बाराच्या वर गेल्या की घरात दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास येऊ लागतो, कारण लवंगेच्या वासाचे युजेनॉल हेच दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाचाही मुख्य घटक असते. चक्रीफूल घालायचे असल्यास एकच. ते फार दांडगे असते. या पाण्याला एक उकळी आली की आच बारीक करावी, वीस-पंचवीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि दारावरची घंटा वाजण्याच्या थोडे आधी साली टाकाव्यात.

साली म्हणजे वरचा नारिंगी भाग. संत्र्याचे तेल त्या बाह्य थरातल्या बारीक पिशव्यांत असते. लहानपणी आपण साल पणतीच्या ज्योतीजवळ दुमडून चिरकांडी उडवत असू आणि ज्योत तडतडत असे, ते हेच तेल, ज्याचा मोठा भाग लिमोनीन असतो. आतल्या पांढऱ्या थरात ते नसते आणि गरात तर नसतेच. चकत्या पाण्यात सुंदर दिसतात खऱ्या, परंतु तासाभराने गर शिजतो आणि सुगंधाऐवजी शिळ्या मुरंब्यासारखा जड वास येतो. बाजारातल्या संत्र्यांवर पुष्कळदा मेणाचा हात फिरवलेला असतो, म्हणून साली आधी कोमट पाण्यात चोळून धुवाव्यात.

आचेबद्दल लेखात 'मंद' म्हटले आहे ते योग्यच आहे, पण का, ते सांगायला हवे होते. दालचिनी-लवंगेची तेले स्वतः १०० अंशांच्या पुष्कळ वर उकळतात, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ती त्याहून कमी उष्णतेवरच बाहेर पडतात. अत्तराच्या भट्टीत हेच तत्त्व वापरतात. तेव्हा खळखळ उकळण्याची गरजच नाही. कडेने एखाद-दुसरा बुडबुडा येत राहावा आणि वर वाफेचा पातळ पडदा दिसावा, इतके पुरते. झाकण ठेवू नये. स्लो कुकर, म्हणजे सावकाश शिजवणारे विजेचे भांडे, वापरायचा असेल तर त्यात गार पाणी घालून वाट पाहत बसण्यापेक्षा उकळते पाणी ओतावे, कारण त्याच्या खालच्या टप्प्यावर गार पाणी तापायलाच दोन तास जातात. दर अर्ध्या तासाने पाणी पाहावे आणि कमी झाले असल्यास गरम पाण्याची भर घालावी. दालचिनीची पूड मात्र कधीही घालू नये. ती पाण्यात बुळबुळीत होऊन बुडाला धरते. तमालपत्राबद्दल एक गोष्ट अशी, की येथे 'बे लीफ' म्हणून मिळणारे पान आपले तमालपत्र नव्हे. आपल्या पानावर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा असतात आणि त्याला दालचिनीच्या कुळाचा वास असतो. या पातेल्यात ते परदेशी पानापेक्षा कितीतरी अधिक शोभते, आणि हे मी दोन्ही घालून पाहिल्यानंतर लिहीत आहे. (उटण्यातले वाळा, नागरमोथा आणि कचोराही एका वर्षी हौसेने घालून पाहिले होते. घराला दिवसभर काढ्याचा वास येत होता आणि मुलांनी कोण आजारी आहे, असे विचारले.)

रात्रभराच्या सल्ल्याकडे येते. या रीतीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी एका मासिकात वाचून पाण्याऐवजी सफरचंदाचा रस वापरला होता आणि भांडे घेतले होते ते रुखवतात मिळालेले, आतून कल्हई केलेले पितळी पातेले. रात्री साडेआठला, म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सातला, आईचा फोन आला. मी वरच्या खोलीत जाऊन बोलत बसले. पाऊण तासाने धुराचा गजर वाजू लागला तेव्हा खाली येऊन पाहते तो रस आटून, त्यातल्या साखरेचा कोळसा होऊन पातेल्याच्या बुडाला बसला होता आणि कडेला कल्हई वितळून तिचे चांदीसारखे चकाकणारे थेंब गोळा झाले होते. कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळते. पाणी आहे तोवर भांडे शंभराच्या फार वर जात नाही, पण पाणी संपल्यावर ते काही मिनिटांत तेथे पोहोचते. घराचा दरवाजा उघडा टाकून आम्ही सगळे कोट घालून बाहेर बर्फात उभे राहिलो. करपलेल्या दालचिनीचा वास पडद्यांतून जायला आठवडा लागला आणि न्यू जर्सीत कल्हईवाला नसल्यामुळे ते पातेले आजही तसेच आहे. हे सारे पाऊण तासात, घरात माणसे जागी असताना झाले. झोपलेल्या घरात, बंद खिडक्यांमागे, गॅसची ज्योत सात तास चालू ठेवण्याचा सल्ला कोणत्याही वृत्तपत्राने देऊ नये. ज्योत वाऱ्याने विझली तर गॅस साठतो, आणि विझली नाही तरी कोंदट खोलीत तिचा धूर विषारी ठरू शकतो.

'नैसर्गिक असल्यामुळे पूर्णतः निर्धोक' हे विधानही मागे घ्यावे असे मला वाटते. दम्याच्या माणसाला दालचिनीची दाट वाफ त्रास देऊ शकते. घरात मांजर असेल तर वरून सुगंधी तेलांचे थेंब टाकू नयेत. अशी तेले पचवण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात अपुरी असते. पाळीव पक्षी असेल तर नॉनस्टिक भांडे घेऊच नये, कारण ते कोरडे तापले तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी दगावतात. येथील मराठी मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगते. नाताळच्या झाडाची खालची छाटलेली डहाळी पातेल्यात घालतात, म्हणून अंगणातल्या कोणत्याही सुईसारख्या पानांच्या झुडपाची फांदी तोडू नये. पुष्कळ घरांसमोर 'यू' नावाचे लाल फळांचे झुडूप असते आणि त्याची पाने व बिया विषारी असतात. हे पाणी पिण्यासाठी नाही, हेही लेखात कोठेच आलेले नाही. लहान मुलांना ते सरबतासारखे दिसते.

लेखात असेही म्हटले आहे की या पाण्याने 'तळणीचे आणि फोडणीचे वास नाहीसे होतात'. माझा या रीतीकडे ओढा झाला तो याच आशेने, हे कबूल करायला हरकत नाही. दिवाळीत बंद घरात चकल्या तळल्या की हिंगाचा आणि तेलाचा वास दारामागे टांगलेल्या कोटांत जाऊन बसे आणि मुले ते कोट घालून शाळेत जायला कां-कूं करत. पातेले ठेवून पाहिले, तर कोटांना हिंग, तेल आणि त्यावर संत्रे असा तिहेरी वास आला. वाफ वास काढत नाही. ती आपला वास त्यावर चढवते. उपाय अगदी साधा निघाला. तळण्यापूर्वी कोट आतल्या खोलीत ठेवून दार लावायचे, पंखा बाहेरच्या दिशेने चालू करायचा, आणि दुसऱ्या दिवशी घर मोकळे झाल्यावर पातेले ठेवायचे.

महाराष्ट्रात ही रीत करावी का, हा प्रश्न मला मावसबहिणीने विचारला. मुंबई आणि कोकणात ज्या घरांत भिंतींना आधीच ओल असते, तेथे मुद्दाम वाफ कोंडण्यात शहाणपण नाही. पुण्यात किंवा नागपुरात डिसेंबरच्या कोरड्या थंडीत, संध्याकाळी दारे-खिडक्या लावल्यावर तासभर ठेवायला काहीच हरकत नाही. नागपूरकडे तर आंबिया बहराची (म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येणाऱ्या हंगामाची) संत्री तेव्हा घरोघरी असतात आणि त्यांची सुटी, तेलाने भरलेली साल केराच्या टोपलीतच जाते. एकदा वापरलेले पाणी गाळू नये. गार करून झाकून फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी नव्या साली घालून पुन्हा चालते. तिसऱ्या दिवशी वास आंबूस येऊ लागला की चोथा कुंडीतल्या खतात टाकावा.

ही कृती आपण नववर्षाच्या अंकात पुन्हा छापणार असल्याचे त्याच पानावर म्हटले आहे. छापण्यापूर्वी रात्रभराचे ते एक वाक्य तरी गाळावे आणि त्याच्या जागी 'घराबाहेर पडताना अथवा झोपताना आच बंद करावी' एवढे घालावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी