अकरा हजाराचा शंख आणि पावतीवरची 'शोभेची वस्तू'

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरच्या पुरवणीत दिवाळीच्या आधी दक्षिणावर्ती शंखावर पाऊण पानाचा लेख आला होता, घरात ठेवला की काय काय होतं, कुठल्या दिशेला ठेवायचा, कुठल्या वारी आणायचा वगैरे. लेख मीपण वाचला आणि पान उलटलं. पण आमच्या आक्काने तो कापून पर्समध्ये ठेवला, आणि महिन्याभराने सांगलीत एका मंगल कार्यालयात प्रदर्शन लागलं होतं तिथल्या स्टॉलवाल्याला ते कात्रण दाखवून विचारलं की हाच का तो. तो कशाला नाही म्हणतोय. अकरा हजार मोजून आक्का शंख घेऊन घरी गेली.

आक्का तासगावकडं असते, भाच्याची द्राक्षबाग आहे, गेली दोन वर्षं अवकाळीनं आणि दावण्या रोगानं पार वाट लावली. सोसायटीचं कर्ज थकलंय. तिला स्टॉलवर सांगितलं की हा शंख आला की लक्ष्मी हलत नाही. आता सत्तरीच्या बाईनं यावर विश्वास ठेवला म्हणून मी तिला हसणार नाही, तुम्हीपण हसू नका.

माझं म्हणणं वेगळंच आहे. तो शंख मुळात आपला शंखच नाहीये.

हे मी सांगतोय कारण एका कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं लॅब असिस्टंट होतो. कपाटातल्या बरण्या पुसणं, प्रॅक्टिकलला नमुने मांडणं, परीक्षा झाली की मोजून परत ठेवणं हेच काम. आपण पूजेत ठेवतो आणि आरतीला वाजवतो तो शंख म्हणजे एका समुद्री गोगलगायीचं घर, शास्त्रात तिला टर्बिनेला पायरम म्हणतात. तमिळनाडूकडं मन्नारच्या आखातात, तुतिकोरीन रामेश्वरमच्या बाजूला पाणबुडे बुड्या मारून ती काढतात. वाळूत राहते आणि वाळूतलेच किडे खाते. आणि बाजारात दिसतो तसा पांढराशुभ्र शंख समुद्रातून येतच नाही, वरती तपकिरी चामड्यासारखी साल असते ती काढल्यावर आतला पांढरा निघतो. आमच्या लॅबमध्ये एक सालीसकटचा होता, दर वर्षी एफवायचं एक तरी पोरगं विचारायचं, काका हा सडलाय का. बंगालमधल्या बायका लग्नानंतर ज्या पांढऱ्या बांगड्या घालतात त्या याच शंखाच्या कापून करतात, आणि गुजरातमध्ये द्वारकेजवळ नागेश्वरला तर हडप्पाच्या काळातला या शंखाच्या बांगड्यांचा कारखानाच सापडलाय, चार हजार वर्षांपेक्षा जुना.

आता उजवा डावा. इथं निम्मे लोक गोंधळतात, एमएस्सीची पोरंसुद्धा गोंधळायची. शंखाचं तोंड आपल्याकडं करायचं आणि निमुळती नळीची बाजू वर धरायची, आपल्याकडं असाच धरायची पद्धत. असा धरला की नेहमीच्या शंखाचं तोंड डाव्या हाताला येतं, तो वामावर्ती. उजवीकडं आलं तर दक्षिणावर्ती. शास्त्रवाले उलटा धरतात, शेंडा वर करून, त्यामुळं त्यांच्या पुस्तकात आपला दक्षिणावर्ती हा डावा असतो. असो. मुद्दा हा की टर्बिनेलात असा उलट्या वळणाचा शंख अगदी क्वचित जन्माला येतो. म्हणून तर त्याचं एवढं कौतुक आणि एवढी किंमत.

मग मला सांगा, दर प्रदर्शनात, दर जत्रेत, पाच स्टॉल सोडून सहाव्या स्टॉलवर टोपलीभर दक्षिणावर्ती शंख येतात कुठून?

तर ते येतात अमेरिकेतून. तिथं मेक्सिकोच्या आखातात आणि फ्लोरिडाच्या बाजूला एक वेगळीच समुद्री गोगलगाय आहे, लाइटनिंग व्हेल्क नावाची. तिच्यात सगळेच डावखुरे, म्हणजे आपल्या भाषेत सगळेच दक्षिणावर्ती, तिच्यात वामावर्ती सापडला तर ते नवल. टेक्सास राज्यानं १९८७ साली तो आपला राज्य-शिंपला म्हणून जाहीर केलाय, आपल्याकडं शेकरू राज्यप्राणी आहे तसं. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा ह्यूस्टनला आयटीत आहे, त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला काका हे तर इथं बीचवरच्या दुकानात किचेनच्या शेजारी ठेवलेलं असतं, बारा डॉलर. बारा डॉलर म्हणजे हजाराच्या आसपास, आणि आक्कानं दिले अकरा हजार, हिशोब तुम्हीच करा.

आक्का शंख घेऊन आमच्याकडं आली तेव्हा लाल कापडात गुंडाळलेला होता, वर हळदकुंकू. हातात घेतल्या घेतल्या हलका लागला. आपला शंख कसा, जाड, हातात घेतला की वरवंट्यासारखा दगड वाटतो. मग तोंडातून बोट आत घातलं आणि मधल्या दांड्यावरनं, ज्याच्याभोवती शंख वळत जातो त्याच्यावरनं, फिरवलं, गुळगुळीत. सगळा खेळ इथंच आहे साहेब. खऱ्या शंखाच्या मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक वळ्या असतात, बोटाला पटकन लागतात, मोजता येतात. व्हेल्कला त्या नसतातच. याला ना एक्सरे लागतो ना ज्योतिषी, तर्जनी पुरते.

आणि अंगावर फिकट तपकिरी उभे पट्टे होते, जरा नागमोडी. आक्का म्हणाली या लक्ष्मीच्या रेषा, त्यानं सांगितलं की रेषावाला जास्त लाभतो, म्हणून पंधराचा अकराला दिला. आता याला काय म्हणावं. त्या पट्ट्यांवरूनच त्या गोगलगायीचं नाव पडलंय, लाइटनिंग म्हणजे वीज, लहान असताना पट्टे असतात आणि वय वाढलं की जातात. म्हणजे ज्या खुणेवरून चोर ओळखायचा तीच खूण दाखवून त्यानं चार हजार कमी केल्याचं पुण्य पण घेतलं!

स्टॉलवर तीन परीक्षा करून दाखवल्या म्हणे. एक, लिंबू पिळलं आणि फेस आला. अहो येणारच, शंख चुन्याचा असतो, अंड्याच्या टरफलावर पिळलं तरी फेस येतो, त्यावरून तो प्लास्टिकचा नाही एवढंच कळतं. दोन, तांदळाच्या ढिगावर ठेवल्यावर आपोआप फिरला. ढीग कुणी केला होता? त्यानंच. तीन, कानाला लावला की ओंकार ऐकू येतो. यावर मी काही न बोलता आतून पितळेचा तांब्या आणून आक्काच्या कानाला लावला. ती जरा वेळ ऐकत बसली आणि म्हणाली, "यातबी येतंय की रे." आजूबाजूचाच आवाज आत घुमतो, पोकळ भांडं कुठलंही चालतं.

मी तिला घेऊन त्या मंगल कार्यालयात गेलो तर तिथं कुणाच्या तरी साखरपुड्याचा मांडव, प्रदर्शन आठ दिवसापूर्वीच उठलेलं. पावतीवरचा नंबर लागत नाही. आणि पावती नीट वाचली तर तिच्यावर शंख हा शब्दच नाही, 'शोभेची वस्तू, १ नग' असं लिहिलंय. ग्राहक आयोगात जायचं म्हणलं तर ओळखीचे वकील म्हणाले शोभेची वस्तू घेतली आणि शोभेची वस्तू मिळाली, तक्रार काय लिहायची?

हे सगळं वाचून मला कुणी नास्तिक म्हणू नये. आमच्या घरीपण शंख आहे, वडिलांनी आणलेला साधा वामावर्ती, आरतीला मीच वाजवतो, आता दम पुरत नाही ते सोडा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात पांचजन्य, देवदत्त, पौंड्र अशी शंखांची नावं एकामागून एक येतात, त्यात एकालाही दक्षिणावर्ती असं विशेषण लावलेलं नाही. साध्या शंखात कमी काय आहे?

तुमच्यावर राग एवढ्याचसाठी की लेखात फायदे अकरा दिले होते आणि ओळखायचा कसा यावर एक ओळ नव्हती. तेवढी असती तर आक्कानं स्टॉलवर बोट घालून बघितलं असतं, ती भाजी घेताना भेंडी मोडून बघणारी बाई आहे. तर विनंती अशी की पुढच्या दिवाळीच्या आत दोन फोटो छापा, एक खऱ्या शंखाच्या तोंडाचा ज्यात आतल्या वळ्या दिसतात आणि एक त्या व्हेल्कचा, शेजारी शेजारी. जागा पाऊण पान नको, चार इंच बास. फोटो मी देतो, दोन्ही नमुने आता माझ्याकडंच आहेत.

म्हणजे एक माझा आणि एक आक्काचा, फोटो काढेपर्यंत मागून घेतलाय. परत द्यायचाय. मी म्हणलं होतं टाकून दे, तर म्हणाली एवढ्या लांबून आलाय, पाव्हणा आहे, राहू दे देवघरात, फक्त भाच्याला किंमत सांगू नकोस.

त्यामुळं हे पत्र छापताना कृपया माझं नाव घालू नये.

आपला,
एक जुना वाचक
विश्रामबाग, सांगली