नकाशाखाली साल हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या विशेष पानावर आपण ‘१९४८ चा मराठवाडा’ या मथळ्याखाली जो नकाशा छापलात, त्याबद्दल हे पत्र. त्या नकाशात आठ जिल्हे दाखवले आहेत. प्रत्यक्षात तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचच जिल्हे होते. जालना १९८१ साली, लातूर १९८२ साली आणि हिंगोली १९९९ साली वेगळा झाला. चूक एवढीच असती तर मी पत्र लिहिण्याची तसदी घेतली नसती.

आमचे उदगीर, शेजारचे अहमदपूर आणि निलंगा हे तालुके त्या वेळी बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हे तालुके मुंबई राज्यात आले, भालकी आणि औरादचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंशाचा भाग आंध्रात. माझ्या आजोबांच्या शेतीच्या जुन्या उर्दू कागदावर ‘जिल्हा बीदर’ असे लिहिलेले आहे, आणि आमच्या घरच्या निम्म्या सोयरिकी आजही भालकीकडच्या आहेत. आपल्या नकाशात मात्र देवणीच्या पुढे कागद कोरा आहे. भाषेच्या आधारावर १९५६ साली काढलेली रेषा आठ वर्षे मागे नेऊन ठेवली, की बीदरच्या बाजूने निजामाविरुद्धच्या या लढ्यात उतरलेली मराठी माणसे नकाशाबाहेर पडतात.

यापेक्षा मोठी गोष्ट पैनगंगेची आहे. आपल्या नकाशात ती हिंगोली-नांदेडच्या उत्तरेने जाणारी एक निळी रेघ आहे, इतर नद्यांसारखीच. १९४७-४८ मध्ये ती सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. म्हणूनच नांदेडकडच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प नदीपलीकडे उमरखेडला होता, तसाच दक्षिणेत, मुंबई प्रांतातल्या बार्शीकडे. करोडगिरी (जकात) नाके जाळायचे आणि रातोरात सरहद्द ओलांडायची, हा त्या लढ्याचा रिवाज. आज उमरखेड आणि हदगाव एकाच राज्यात एकाच रंगात पाहणाऱ्या शाळकरी मुलाला, नदी ओलांडल्यावर माणूस सुटला असे का म्हणायचे, हे कसे कळणार? आणि ही सरहद्द तरी किती जुनी? १८५३ च्या तहात, हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्याआधी पैनगंगेचे दोन्ही काठ त्याचेच होते. त्याच तहात धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे गेला होता. तो १८६० साली परत मिळाला, वऱ्हाड मात्र मिळाले नाही. म्हणजे एका कर्जाच्या हिशेबातून उमटलेली रेघ पुढे शंभर वर्षांनी कॅम्प कुठे घालायचे हे ठरवत होती. ती ज्या नकाशात नाही, तो नकाशा निव्वळ शोभेचा.

रंगाचेही तसेच. सबंध मराठवाडा एका हिरव्या रंगात भरल्याने सगळीकडे एकच कारभार होता असा समज होतो. वस्तुतः दिवाणी, म्हणजे थेट सरकारच्या कारभाराखालच्या, मुलखात मधेमधे जहागिरीची गावे विखुरलेली होती, आणि खुद्द निजामाच्या खासगी मालकीचा ‘सर्फ-ए-खास’ मुलूख त्याहून निराळा. एका गावचा सारा सरकारात, शेजारच्या गावचा जहागीरदाराच्या कचेरीत. ही व्यवस्था १९४९ साली मोडली. खरा नकाशा काढायचा तर तो गोधडीसारखा ठिगळांचा निघेल, आणि छापायला अवघड जाईल, हे मला मान्य आहे.

नावांबद्दल वाद घालण्याची माझी इच्छा नाही. आजची नावे आजच्या नकाशात असावीतच. मात्र १९४८ च्या नकाशात ‘धाराशिव’ छापले, तर ते नाव पुसून निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाने जिल्हा ओळखला जात होता, आणि अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत होते, हीच गोष्ट वाचकापासून लपते. ज्याची तक्रार करायची तीच खोडून टाकल्यासारखे होते.

माझी विनंती लहान आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटच्या (स्थलदर्शक नकाशाच्या) समासात सर्वेक्षण कोणत्या साली झाले हे छापलेले असते. १७६७ साली कंपनी सरकारने हा विभाग उभारला तो फौजेच्या आणि महसुलाच्या सोयीसाठी, हे खरे, पण ही शिस्त त्यांनी पाळली. आपणही प्रत्येक ऐतिहासिक नकाशाखाली तो कोणत्या सालच्या हद्दी दाखवतो आणि कोणत्या मूळ नकाशावरून काढला, या दोन ओळी छापाव्यात. पुढच्या १७ सप्टेंबरला पैनगंगा सरहद्दीच्या जाड तुटक रेघेने दाखवता आली, तर उमरखेडचे नाव नदीच्या उत्तर काठावर लिहायला विसरू नये.

आपला,
एक वाचक, उदगीर