नगररचनेच्या दाव्यांचा खर्च कोणी सोसायचा?

संपादक महोदय,

बांधकाम परवानग्या आणि आरक्षणे यांवरून होणाऱ्या वादांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. परंतु अशा वादात दाद मागणाऱ्या सामान्य रहिवाशाला, तो जिंकला तरी, पदरचा खर्च परत मिळत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ नुसार परवानगी नाकारली गेली किंवा अटींवर दिली गेली, तर अर्जदाराला ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. हा अधिकार फक्त अर्जदाराचा आहे. शेजारची इमारत सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, न सोडताच मंजूर झाली, तर लगतच्या रहिवाशाला या कलमाचा उपयोग नाही. आणि नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे परवानगी देणाऱ्या महापालिकेसारख्या संस्थेचे, आदेश कलम १४९ ने अंतिम ठरवल्यामुळे दिवाणी दाव्याची वाटही अडते. उरते ती अशा आदेशाला उच्च न्यायालयात थेट आव्हान देणारी रिट याचिका, म्हणजे सर्वांत खर्चिक मार्ग.

आमच्या सोसायटीने काही वर्षांपूर्वी तोच मार्ग धरला. सदनिका ३२, त्यांतील निम्म्या निवृत्तांच्या. सचिव या नात्याने वर्गणीची वही माझ्याकडे असे, आजही आहे. दुसऱ्या मजल्यावरील एका आजींनी निवृत्तिवेतन जमा होईल तसतसे तीन हप्त्यांत पैसे भरले. तिन्ही नोंदींपुढे त्यांची थरथरत्या हाताची सही आहे. वकिलांचे शुल्क, मंजूर नकाशांच्या नकला, टंकलेखन आणि तारखेगणिक मुंबईची फेरी असे करत चार वर्षे गेली. निकाल आमच्या बाजूने लागला, परवानगी रद्द झाली, आणि आदेशाच्या शेवटी एकच ओळ होती : खर्चाबाबत आदेश नाही. प्राधिकरणाच्या वकिलांचे शुल्क मात्र आमच्याच घरपट्टीतून दिले गेले होते. चूक ज्यांची ठरली, त्यांच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही.

हरणाऱ्याने खर्च द्यावा, तसे करायचे नसेल तर न्यायालयाने कारणे लिहावीत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ सांगते. सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तर असे स्पष्ट केले की, खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा आणि त्यात गेलेला वेळ, प्रवास व टंकलेखनसुद्धा धरावे. पण ही संहिता रिट याचिकांना थेट लागू होत नाही, त्यामुळे सारे न्यायालयाच्या विवेकावर राहते. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याने व्यापारी वादांपुरते कलम ३५ अधिक कडक केले. जे संरक्षण कंपन्यांच्या वादांना मिळते, ते आपल्या घराचा उजेड-वारा वाचवू पाहणाऱ्या कुटुंबांना का मिळू नये?

याचिका दाखल करून नंतर तडजोडीच्या नावाखाली बिल्डरकडून पैसे उकळणारे लोक आहेत, हे मला मान्य आहे, आणि त्यांच्यावर जबर खर्च बसलाच पाहिजे. मात्र त्या खर्चाच्या भीतीचे सावट प्रामाणिक रहिवाशावर पडू नये. इंग्लंडमध्ये पर्यावरणविषयक न्यायिक पुनर्विलोकनात, म्हणजे प्रशासनाच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देताना, एखादी व्यक्ती हरली, तरी तिच्यावर बसणाऱ्या खर्चाला साधारणपणे ५,००० पौंडांची मर्यादा असते. पाऊल उचलण्यापूर्वीच तिला जास्तीत जास्त किती भुर्दंड बसेल हे कळते. आपल्याकडे असा अंदाज वकीलही देऊ शकत नाहीत.

माझी मागणी एवढीच आहे : परवानगी बेकायदा ठरल्यास याचिकाकर्त्याचा प्रत्यक्ष खर्च प्राधिकरण आणि परवानगीधारक यांनी मिळून द्यावा, अशी तरतूद १९६६ च्या अधिनियमातच करावी, आणि लेखी हरकत हाती असूनही ती न वाचता ज्या अधिकाऱ्याने सही केली, त्याच्या वेतनातून प्राधिकरणाच्या वाट्यातील काही भाग वसूल व्हावा, म्हणजे तो पुन्हा करदात्यावर पडणार नाही. तोवर याचिकाकर्त्यांनी खर्चाचा तपशील पावत्यांसह प्रतिज्ञापत्रावर अंतिम सुनावणीपूर्वीच दाखल करावा. आमच्याकडून ते राहून गेले. वही माझ्या कपाटात होती आणि न्यायालयापुढे ती कधी गेलीच नाही.

— एका गृहनिर्माण संस्थेचे माजी सचिव, पुणे