वळवलेला निधी आमदारांनी परत मागावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये ‘लाडकी बहीण’साठी महिला व बालविकास खात्याकडे गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी दाखवली. चार दिवस गाजलं आणि विषय मागे पडला. तो निधी परत मागण्याचं काम आता आमदारांनी करावं, यासाठी हे पत्र.

माझी नोकरी तहसील कार्यालयात गेली. त्यातली काही वर्षं संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर. योजना 1980 ची, पण तिचं पूर्ण नाव फारसं कुणी घेत नाही. लोक ‘निराधारचा पगार’ म्हणतात, जुनी माणसं नुसतं ‘डोल’. एक आजी नेमानं यायच्या. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला सुतळी. ‘भाऊसाहेब, पगार पडला का?’ वरून तरतूद आली नाही की बिल निघायचं नाही, आणि मग दोन-तीन महिन्यांचं एकदम यायचं. मी ‘पुढच्या आठवड्यात बघा’ म्हणायचो. आजी कधी भांडल्या नाहीत. एकदा मात्र म्हणाल्या, ‘तारीख कागदावर लिहून द्या, दुकानदाराला दाखवते.’ मी लिहून दिली. ती तारीख खरी ठरणार नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होतं.

आता पैसे डीबीटीनं थेट खात्यात जातात. सोय चांगलीच आहे. पण तरतूदच नसेल तर डीबीटी जमा काय करणार?

वळवलेले पैसे नेमके निराधारांच्या पगाराचेच होते, असं माझं म्हणणं नाही. पण हा पगार, मागासवर्गीय मुलामुलींची वसतिगृहं आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना, हे सगळं सामाजिक न्याय खात्याच्याच पदरात आहे. लाडक्या बहिणींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही आहेत, तेव्हा पैसा त्यांनाच पोचतो, असं सरकार सांगतं. पोचतो, मान्य. पण आईच्या खात्यात 1500 रुपये आले म्हणून तिच्या मुलीला तालुक्याच्या गावी वसतिगृहात खाट मिळत नाही.

‘लाडकी बहीण’ला माझा विरोध नाही, आमच्या घरातही तिचे पैसे येतात. खटकते ती मोजपट्टी. 2024 मध्ये या योजनेला कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख ठेवली. निराधार विधवेसाठी ती 21 हजारच होती, म्हणजे साऱ्या कुटुंबाला दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात कुणाचं घर चालत नाही, हे दाखला मागणाऱ्याला कळतं आणि देणाऱ्यालाही. तरी दाखला 21 हजारांच्या आतला हवा, म्हणून सरकार म्हाताऱ्या माणसांना खोटं बोलायला लावतं. दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये 1500 वरून अडीच हजार झालं, ते रस्त्यावरच्या आंदोलनांनंतर. ज्यांना मोर्चाला चालत जाता येत नाही, त्यांचं काय?

आंध्र आणि कर्नाटकानं अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेच्या, म्हणजे या समाजांसाठी अर्थसंकल्पात वेगळ्या ठेवलेल्या निधीसाठी 2013 मध्येच कायदा केला. कर्नाटकात पुढे त्याच निधीतून ‘गॅरंटी’ म्हणून निवडणुकीत कबूल केलेल्या योजनांना पैसे दिले गेले, तेव्हा कायदा म्हणजे रामबाण, असं समजण्यात अर्थ नाही. पण कायदा असला की निदान त्यावर बोट ठेवून जाब तरी विचारता येतो. आपल्याकडे त्यासाठी सभागृहाचाच आधार आहे. प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव येतात आणि चर्चेसाठी सदस्य कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करावी अशा सूचना देतात. (पैसे कमी पडले हे सांगायलाही ‘कपात’च सुचवायची, ही विधिमंडळाची गंमत.)

येत्या पुरवणी मागण्यांत हे 746 कोटी मूळ खात्यांना परत मिळावेत, निराधारांच्या अनुदानाची बारा महिन्यांची तरतूद एप्रिलमध्येच जिल्ह्यांना पोचावी आणि 21 हजारांची अट बदलावी, एवढ्या तीन गोष्टी आमदारांनी पक्ष न बघता मागाव्यात. विधिमंडळाचं कामकाज छापून येतं. या विषयाखाली आमच्या आमदारांचं नाव दिसतं का, ते मी पाहणार आहे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून