पालकमंत्र्यांना खुले पत्र : पेव्हर ब्लॉकखाली गेलेली समुद्रसपाटी

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय,
सोलापूर जिल्हा

सादर नमस्कार.

विषय वाचून आपले स्वीय सहायक हसतील याची मला खात्री आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातला माणूस समुद्रसपाटीवर पत्र लिहितोय म्हटल्यावर कुणीही हसेल. हसू द्या, पण पत्र फाइलला लावण्याआधी एकदा वाचा.

मी आयुष्यभर लेव्हल घेतली, म्हणजे कुठली जागा किती उंचावर ते मोजलं. कालवे, पाइपलाइन, रस्ते, बंधारे. खात्याचं नाव लिहीत नाही, पेन्शन चालू आहे. तिपाईवर डंपी लेव्हल, म्हणजे आडवी नजर लावायची दुर्बीण, समोर फूटपट्टीसारखा उंच स्टाफ आणि तो स्टाफ उन्हात सरळ धरून उभा असलेला खलाशी. होय, आमच्या कामात त्याला खलाशीच म्हणत. माझ्याबरोबरच्या खलाश्याने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. सिद्धेश्वर तलाव ओलांडून तो कधी गेला असेल तर उजनी धरणाच्या कडेपर्यंत. पण रोज संध्याकाळी आमच्या वहीत जो आकडा उतरायचा, तो थेट समुद्रापासून मोजलेला असायचा.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका जुन्या दगडी इमारतीसमोरून चाललो होतो. तिथे दारापाशी जमिनीत एक दगड होता. वर जी.टी.एस. (ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे) ही इंग्रजी अक्षरं, मध्ये कोरलेली खूण, खाली बी.एम., म्हणजे बेंचमार्क, उंची नेमकी मोजून ठेवलेली जागा. नोकरीत नवा असताना माझ्या साहेबांनी मला तिथे नेऊन सांगितलं होतं, "ह्या दगडाला पाय लावू नको, ह्याच्यावर अख्ख्या तालुक्याचं पाणी चालतं." आता तिथे लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आहेत. शेजारी काम चालू होतं, त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "कसला दगड काका? खडी टाकून सगळं लेव्हल करून टाकलं."

लेव्हल करून टाकलं! मला हसावं की रडावं कळेना.

साहेब, हा दगड म्हणजे काय होता ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण त्याशिवाय माझी मागणी वेडगळ वाटेल. आपल्या स्टेशनवरची पिवळी पाटी आपण पाहिलीच असेल. तिच्यावर उंची लिहिलेली असते, सोलापूरची साडेचारशे मीटरच्या आसपास. मुंबईही इथून रेल्वेने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हिशेबाला किलोमीटरमागे एक मीटर चढ. अर्थात गाडी लोणावळ्याला सहाशेच्या वर जाऊन मग खाली उतरते, ते सोडा. प्रश्न असा, की ही उंची कुठल्या समुद्रापासून? आणि केव्हाच्या समुद्रापासून? समुद्र तर एका जागी ठरत नाही.

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार-पाच मीटरचा फरक पडतो. कोचीला तोच फरक मीटरभरसुद्धा नसतो, आणि खंभातच्या आखातात भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातो. मग सपाटी कोणती धरायची? त्यासाठी बंदरात एक विहीर बांधतात. तळाशी बारीक छिद्र, त्यामुळे लाटा आत येत नाहीत, फक्त पातळी येते. आत तरंगणारा गोळा वर-खाली होतो आणि त्याची नोंद होत राहते. मुंबईत अपोलो बंदरला अशी नोंद 1878 पासून आहे. दिवसाची सरासरी काढून भागत नाही, वर्षाची काढूनही नाही. चंद्राच्या कक्षेचा कल साडेअठरा वर्षांनी पुन्हा जागेवर येतो, म्हणून साधारण एकोणीस वर्षांच्या नोंदी घेऊन सरासरी काढायची. तो शून्य.

हा शून्य सोलापुरापर्यंत चालत आला. अक्षरशः चालत. दोन स्टाफ, मधोमध लेव्हल, मागचा आकडा, पुढचा आकडा, वजाबाकी. मग पुन्हा पन्नास पावलं पुढे. हे काम भारतात 1858 ला कराचीपासून सुरू झालं आणि 1909 ला सगळ्या देशाचा हिशेब एकत्र बसवला गेला. त्यासाठी नऊ बंदरांची सरासरी पातळी शून्य धरली. ती नावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती : कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशातलं फॉल्स पॉइंट. म्हणजे फाळणीनंतरही आपल्या शून्याचा एक पाय कराचीत राहिला! वाटेत जागोजाग दगडावर खुणा कोरल्या, कारण उद्या कुणाला उंची हवी असेल तर त्याने पुन्हा समुद्रापासून चालत येऊ नये. आपला दगड त्यांतला.

आता यातली खरी गंमत. ही नऊही बंदरं एकाच पातळीवर नाहीत. जमिनीवरून लेव्हल नेत नेत जेव्हा मोजलं तेव्हा विशाखापट्टणमचा समुद्र मुंबईच्या समुद्रापेक्षा साधारण 30 सेंटिमीटर उंच निघाला. एक वीत नि वर थोडं. कारण आपल्याच पाण्यात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा ह्या सगळ्या बंगालच्या उपसागरात गोडं पाणी ओततात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्याला जागा जास्त लागते, म्हणून तो समुद्र थोडा फुगलेला. अरबी समुद्र खारट आणि जड. आपली भीमा उगवते सह्याद्रीच्या माथ्यावर, अरबी समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर असतो, पण ती त्याच्याकडे पाठ करते, पंढरपुरावरून आपल्या जिल्ह्यातून जाते आणि कृष्णेच्या हाताने उपसागर फुगवायला मदत करते. त्या 30 सेंटिमीटरांत पंढरपूरच्या घाटाला लागून गेलेलं पाणीही आहे, मला ते लिहिताना बरं वाटतं.

हवेचंही तसंच. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र एक सेंटिमीटर वर येतो. वादळाच्या पोटात दाब पन्नास मिलिबारने कमी असेल तर वारा-लाटा सोडूनच अर्धा मीटर पाणी चढलेलं असतं. आणि केरळच्या किनाऱ्यावर ऐन पावसाळ्याच्या शेवटी, आपल्याला वाटेल पाणी वाढलं असेल, तर पातळी उलट उतरलेली असते. वारे आणि प्रवाह वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतात आणि खालचं थंड पाणी वर येतं.

सगळ्यांत मोठा फरक मात्र पाण्याने पडत नाही, ओढीने पडतो. पृथ्वीच्या पोटात जिथे ओढ कमी तिथे समुद्राच्या पृष्ठभागाला खोलगट येतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला असा खोलगट आहे, गणिती गुळगुळीत पृथ्वीच्या तुलनेत शंभर मीटरहून खाली. जहाज त्यातून जातं आणि कुणाला उतार जाणवत नाही, कारण 'खाली' कुठे ते ओढच ठरवते. त्या खोलगटाचा काठ आपल्यापर्यंत येतो. माझा नातू स्टेशनवर मोबाइल घेऊन मला म्हणाला, "आजोबा, पाटी चुकलीये. जीपीएस सत्तर मीटर कमी दाखवतंय." पाटी बरोबर होती आणि मोबाइलही बरोबर होता. त्याचं ॲप गुळगुळीत पृथ्वीपासून मोजत होतं, पाटी समुद्रापासून मोजते. सोलापुरात त्या दोघांत सत्तर मीटरच्या आसपासचं अंतर पडतं. म्हणून साहेब, कुणी कंत्राटदार नुसत्या जीपीएसचा आकडा घेऊन पाइपलाइनचा नकाशा पुढे ठेवेल तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायला सांगा : शून्य कुठला?

हा प्रश्न न विचारल्याने शहाणे लोकही फसलेत. 2003 साली ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंड मिळून पूल बांधत होते. जर्मनांचा शून्य उत्तरेकडच्या समुद्राचा, स्विसांचा भूमध्य समुद्राचा. 27 सेंटिमीटरचा फरक त्यांना माहीत होता, तो धरलाही, पण उलट्या बाजूने. दोन्ही टोकं 54 सेंटिमीटरने चुकली. आपल्याकडे एखाद्या चारीत असं झालं असतं तर टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्याविना बसला असता आणि चौकशी समितीचा अहवाल अजून आला नसता.

सोलापूरकराला शून्य मानीव असतो हे शिकवायची गरज नाही खरं तर. उन्हाळा आला की पानटपरीवर एकच वाक्य असतं, उजनी मायनसमध्ये गेली. पूर्ण भरलं की उजनीची पातळी 496.83 मीटर. 491.03 ला आली की उपयुक्त साठा शून्य. पण त्या शून्याखाली 63 टीएमसीहून जास्त पाणी असतं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात त्यातलंच उपसत आपण जगलो. शून्य म्हणजे पाणी संपलं असं नव्हे, शून्य म्हणजे इथून मोजायचं ठरलंय. समुद्रसपाटीही तशीच, ठरवलेली. आणि वरचे दोन्ही आकडे, पुन्हा, समुद्रसपाटीपासूनचेच.

इथे मी मुद्द्यावर येतो.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदी कशी फिरली ते आपण पाहिलंय. पूर ओसरल्यावर मी नदीकाठच्या एका गावी नातेवाइकांकडे गेलो. घरातल्या मावशींनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं, "हितपर्यंत आलतं बघा." भिंतीवर गाळाची रेघ होती, त्यांच्या खांद्याच्या वर. मी विचारलं, आधी काही निरोप नव्हता का? होता, म्हणाल्या. इतके क्युसेक सोडले, पातळी इतके मीटर. "त्या मीटरचं काय करायचं आमी? आमचा उंबरा किती मीटरवर हाय ते कुणी सांगितलंय का?"

तीस वर्षांत माझ्या कामाची इतकी नेमकी तपासणी कुठल्या साहेबाने केली नाही. खातं समुद्रापासून मोजतं आणि बाई उंबऱ्यापासून. मधली वजाबाकी करायला कुणीच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भीमा आणि सीनेच्या काठावरच्या प्रत्येक गावात शाळेच्या, देवळाच्या किंवा पंचायतीच्या भिंतीवर त्या जागेची उंची रंगवून घ्या, आणि तिच्याखाली कुठल्या सालचा शून्य धरलाय तेही लिहा. हे महत्त्वाचं आहे, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाने 1909 नंतर आता 2009 च्या नावाचा नवा पाया केला आहे आणि जुने-नवे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. शेजारी गेल्या पुराची रेघही मारा. नदी उताराने जाते, त्यामुळे वरच्या गावच्या पातळीवरून खालच्या गावाचा अंदाज सरळ बांधता येत नाही, हे मलाही कळतं. प्रत्येक गावाला जवळचं मापन ठिकाण जोडून द्यावं लागेल आणि दोन पुरांचा अनुभव लागेल. पण पहिली पाटी लागल्याशिवाय दुसऱ्या पुराचा अनुभव जमणार कुठे? खर्च म्हणाल तर रंगाचा डबा आणि दोन माणसांचा दिवस. जिल्हा नियोजनातून एखाद्या स्वागत कमानीचे पैसे वाचवले तर तालुका उरकेल.

आणि जुने दगड. जिल्ह्यात जितके बेंचमार्क उरलेत ते शोधून त्यांच्याभोवती कठडा करायचा आदेश काढा. रस्ता रुंद करणाऱ्याला, फरशी बसवणाऱ्याला आधी विचारणा बंधनकारक करा. हा म्हाताऱ्याचा हळवेपणा नाही. सेल्सियस नावाच्या माणसाने, ज्याच्या नावाने आपण सोलापूरचा उन्हाळा मोजतो, 1731 साली स्वीडनच्या किनाऱ्यावर एका खडकावर पाण्याच्या पातळीला खूण कोरवून घेतली. पुढे समुद्र त्या खुणेच्या खाली खाली जाताना दिसला. त्याला वाटलं पाणीच आटतंय. खरं तर हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यामुळे जमीन वर येत होती. हे कळलं कशामुळे, तर खूण जागेवर राहिली म्हणून. 2004 च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन मीटरभर खचली, तेव्हाही किती खचली ते आधीच्या मोजमापांशी ताडूनच सांगता आलं.

समुद्र चढतो आहे, 1901 ते 2018 मध्ये जगभराच्या सरासरीने 20 सेंटिमीटर चढला. पाणी तापून फुगतं आणि बर्फ वितळून त्यात भर पडते. सोलापूर बुडणार नाही, साडेचारशे मीटर आहेत आपल्याकडे, घाबरण्यासारखं नाही. पण पुढच्या पिढीने विचारलं की आपल्या पाटीवरची उंची कुठल्या सालच्या समुद्रापासून आहे, तर उत्तर देणारा एक दगड तरी उघडा असावा.

ब्लॉक काढायचे ठरले तर मला निरोप द्या, मी येतो. दाराच्या डाव्या चौकटीपासून चार पावलं, मग रस्त्याकडे तोंड करून दोन. हातोडा मात्र जपून चालवायला सांगा.

आपला,
एक निवृत्त लेव्हलवाला
सोलापूर