लॉगिन आधी, वर्ग नंतर: नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकप्रणाली शिकवण्यासाठी बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांचा वर्ग भरतो. सभागृहात चाळीस-पन्नास जण बसतात, पडद्यावर स्लाइड सरकतात, हजेरीपटावर सह्या होतात. वर्ग संपवून माणूस टेबलाशी येतो, तर त्याचे लॉगिनच तयार नसते. ते हाती येईपर्यंत पाहिलेले पुसट झालेले असते. पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्याच दिवशी निसटतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले होते. शिवाय लॉगिन नसले म्हणून काम थांबत नाही. शेजारच्याचा पासवर्ड मागून ते सुरू होते आणि पुढे चूक निघाली, की नोंद भलत्याच्याच नावावर सापडते. म्हणून लॉगिन आणि योग्य ते अधिकार मिळाल्याशिवाय कोणालाही वर्गात बसवू नये, असा आदेश आपण काढावा.

दुसरी गरज सरावाच्या प्रणालीची. मूळ प्रणालीसारखीच, पण तिच्यापासून पूर्ण तोडलेली प्रत. तिच्यातून खरा ईमेल किंवा संदेश बाहेर जाता कामा नये, माहिती काल्पनिक व्यक्तींची असावी आणि रोज रात्री ती मूळपदावर यावी. प्रत्येक पानावर वेगळ्या रंगाची ठळक पट्टी हवीच. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा लोकांच्या मोबाइलवर गेला आणि तो चुकीचा असल्याचा संदेश पोहोचायला ३८ मिनिटे लागली. तिथे सरावाचा आणि खरा इशारा एकाच प्रणालीतून दिला जात होता.

सरावाच्या माहितीत चुका मुद्दाम पेराव्यात: एकाच नावाच्या दोन व्यक्ती, राहून गेलेली तारीख, न उघडणारी जोडलेली फाइल. वर्गात सरळ वाटच दाखवली जाते, माणूस अडतो तो आडवळणावर. 'जतन करा' दाबले म्हणजे अर्ज पुढे गेला असे नवा कर्मचारी समजतो, 'सादर करा' राहूनच जाते. पान मंद असले की तो बटण दोनदा दाबतो आणि एकाच्या दोन नोंदी होतात. अर्धा अर्ज भरून उठला, परत आला, तर लॉगिनची मुदत संपलेली आणि भरलेले गेलेले. या तीन गोष्टी त्याच्या हातून सरावातच घडू द्याव्यात, म्हणजे त्या लक्षात राहतात.

एक्सेलबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण 'ते तर सगळ्यांना येतेच' असे धरून ते कोणी शिकवतच नाही. सोळा अंकी क्रमांक साध्या रकान्यात टाइप केला, की शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. एक्सेल पंधराच अंक खरे ठेवते. सुरुवातीची शून्ये उडतात, दिवस-महिन्याची अदलाबदल होते. यावर साधा उपाय: क्रमांक भरण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करून घ्यायचा. नंतर केल्याने गेलेला अंक परत येत नाही. दुसऱ्या प्रणालीतून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिकने उघडायची नाही, 'डेटा' मेनूतून आत घ्यायची आणि रकान्यांचे प्रकार तिथेच ठरवायचे. एकच रकाना निवडून क्रमवारी लावली तर नावे एकाची आणि रकमा दुसऱ्याच्या होतात. एक्सेल त्याआधी विचारते, पण काय विचारले आहे हे नीट न वाचता 'फक्त निवडलेल्याच भागाची क्रमवारी' हा पर्याय निवडला जातो. शेवटी, आलेल्या ओळी आणि पाठवलेल्या ओळी मोजून जुळवायच्या. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. वापरात होती जुन्या प्रकारची एक्सेल फाइल, जिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते.

शिकवण्याची पद्धत नव्याने शोधायला नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना चार पायऱ्यांत शिकवत: तयारी, करून दाखवणे, करून घेणे, पाठपुरावा. आपल्याकडच्या वर्गात दुसऱ्या पायरीनंतर टाळ्या वाजतात. खरे शिकणे तिसऱ्या पायरीवर होते: माउस शिकणाऱ्याच्या हातात, आणि प्रत्येक टप्प्यावर 'हे कशासाठी' ते त्यानेच सांगायचे. शिकवणाऱ्याने माउसला हात लावू नये. हे कळायला सोपे, पाळायला फार अवघड, कारण शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे स्वतःचे टेबल तुंबलेले असते. 'सरका, मी करून देतो' हे शब्द तिथूनच येतात. त्या सहकाऱ्याचे काम पहिल्या महिन्यात लेखी आदेशाने कमी केले नाही, तर बाकी सगळे कागदावरच राहील.

प्रशिक्षण झाले की नाही हे हजेरीपटावरून ठरवू नका. महिनाभराने त्या कर्मचाऱ्याच्या किती नोंदी दुरुस्तीसाठी परत आल्या आणि कोणत्या कारणाने, हे पाहा. एकच कारण अनेकांच्या बाबतीत दिसले तर दोष माणसांचा नसतो, शिकवण्याचा किंवा त्या पानाच्या रचनेचा असतो. अशा कारणांची यादी प्रणाली बनवणाऱ्यांकडेही गेली पाहिजे.

यापुढे कोणत्याही नव्या प्रणालीची निविदा काढताना सरावाची प्रत निविदेच्या अटींतच घालावी. करार झाल्यावर मागितली, तर ते वेगळे काम ठरते आणि मागेच पडते.

आपले,
कार्यालयीन संगणकप्रणाली शिकवणारे प्रशिक्षक